अंडर मिल्क वुड: बर्टन थोर आहेच, पण आधी न्यूयॉर्कची टेप ऐका

वेल्सचा कवी डिलन थॉमस याच्या ‘अंडर मिल्क वुड’ या नभोनाट्याचं नाव निघालं की जाणकार मंडळी लगेच सोवळं नेसतात. नट रिचर्ड बर्टनचा आवाज, बीबीसी, १९५४, मखमल, मध वगैरे वगैरे. आवाज आहेच तसा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते या नाटकाची पोथी करून ठेवण्याबद्दल. हे नाटक मुळात हसायचं आहे. मेलेल्या नवऱ्यांनाही कामाला जुंपणारी बाई, बायकोला विष घालायचे बेत करत तिला अंथरुणात चहा नेऊन देणारा मास्तर, गावभराच्या पत्रांत काय लिहिलंय ते दारोदार सांगत फिरणारा पोस्टमन, ही काय हात जोडून ऐकायची माणसं आहेत? म्हणून ज्यांनी अजून ऐकलेलं नाही त्यांना माझा सल्ला जरा उलटा आहे. बर्टन नंतर. आधी १४ मे १९५३ची न्यूयॉर्कची टेप, जिच्यात थॉमस स्वतः वाचतो.

मी स्वतः आवाजाच्या धंद्यातली. माहितीपटांची निवेदनं, बोलकी पुस्तकं, फोनवर ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हणणारी बाई, सगळं करून झालंय. या धंद्यात कानाला एक वाईट खोड लागते. दुसऱ्याचं काही ऐकायला बसलं की मजा येण्याआधी खोट दिसते. इथे श्वास भलतीकडे घेतला, इथे पान उलटल्याचा आवाज राहिला, इथे पॅच मारलाय, म्हणजे नंतर तुकडा जोडलाय. या नाटकाच्या बाबतीत ती खोड कामी आली, कारण इथे आवाजांखेरीज दुसरं काही नाहीच. थॉमसने उपशीर्षकातच सांगून टाकलंय: आवाजांसाठी नाटक.

गोष्ट सांगा म्हणाल तर पंचाईत आहे. गोष्ट नाही. वेल्समधलं समुद्राकाठचं छोटंसं गाव, लारेगब. (इंग्रजी नाव उलटं वाचलं तर एक शिवी निघते. १९५४ साली पुस्तक छापताना स्पेलिंग थोडं फिरवून ती झाकली होती.) वसंतातली, ना चंद्र ना चांदणी अशी काळीकुट्ट रात्र, तिथून सुरुवात. मग पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि पुन्हा रात्र. तेवढ्यात साठाहून जास्त माणसं बोलून जातात. कुणाचा खून पडत नाही, कुणाचं लग्न जमत नाही, कुणी गाव सोडून जात नाही. घंटा होते, पाव भाजले जातात, पोस्टमन फिरतो, पंपावर बायका कुजबुजतात, पोरं शाळेत जातात, लोक गुत्त्यात जातात. गुत्ता तर कधी बंदच होत नाही. ‘सेलर्स आर्म्स’मधल्या घड्याळाचे काटे साडेअकरावर अडकलेले आहेत आणि साडेअकरा ही तिथली दार उघडायची वेळ.

सुरुवातीला पहिला निवेदक आपल्याला घराघरात नेतो आणि झोपलेल्या माणसांच्या स्वप्नांत सोडतो. रंगमंचावर हे करायचं म्हणजे धूर आला, निळे दिवे आले, झिरझिरीत पडदे आले. रेडिओवर एक वाक्य पुरतं. कॅप्टन कॅट, आंधळा झालेला म्हातारा कप्तान, आपल्या बिछान्यात झोपलाय असं निवेदक सांगतो आणि पुढच्या क्षणाला आपण समुद्राच्या तळाशी असतो. त्याचे बुडून मेलेले सोबती एकेक करून जवळ येतात आणि विचारायला लागतात. वर कसं चाललंय? रम मिळते का? दोरीवर कपडे वाळत असतात का? मैस्ग्विनच्या गायींची धार आता कोण काढतं? ती हसली की खळी पडते का? पार्सलीचा वास कसा असतो?

मेलेली माणसं देवाबद्दल एक अक्षर विचारत नाहीत. स्वर्ग नाही, पाप नाही, पश्चात्ताप नाही. त्यांना हवी आहे बातमी, कांद्याची आणि चिमण्यांची. हा प्रसंग मी ऐकते तेव्हा माझ्यातली चुका काढणारी बाई गप्प बसते.

पण मला सगळ्यात आवडतो तो कॅप्टन कॅटचा सकाळचा प्रसंग. म्हातारा खिडकीशी बसलाय. दिसत काहीच नाही, पण रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला तो पावलांवरून, दारावरच्या टकटकीवरून ओळखतो. पोस्टमन विली निली कुठल्या दारात उभा आहे हे त्याला ठोकण्यावरून कळतं. मिसेस ऑगमोर-प्रिचर्डच्या दारावरची टकटक अगदी हलकी येते, का तर त्या बाईने कडीलासुद्धा हातमोजा घातलेला आहे. मग पंपावर बायकांचा कलकलाट चालू असतो तो एकदम थांबतो. कुणीतरी येतंय. कोण येतंय? कॅप्टन म्हणतो, या गप्प होण्याच्या आवाजावरूनच कळतं, पॉली गार्टर आली. गावातली बिनलग्नाची, पोरंबाळं असलेली पॉली. तिच्यासाठी बायका ज्या पद्धतीने गप्प होतात, त्या पद्धतीने दुसऱ्या कुणासाठी होत नाहीत.

आता हे मी माझ्या धंद्याच्या बाजूने सांगते. शांतता रेकॉर्ड करणं हे सगळ्यात अवघड काम. नुसता आवाज बंद केला तर ऐकणाऱ्याला वाटतं मशीन बिघडलं. ती शांतता कुणाची आहे, कुणाविरुद्ध आहे, हे कळावं लागतं. थॉमसने ते लिहितानाच करून ठेवलंय. एका वाक्यात गाव, पॉली, बायकांचा तिरस्कार आणि आंधळ्या माणसाचा कान, चारही गोष्टी येतात. तंत्रज्ञाला फक्त कलकलाट वेळेवर तोडायचा आहे.

आणि ही मिसेस ऑगमोर-प्रिचर्ड. ‘बे व्ह्यू’ नावाचं अतिथिगृह चालवते, पण पाहुणे ठेवायला तयार नाही, कारण ते खुर्च्यांवर श्वास सोडतील. दोनदा विधवा. पहिला नवरा लिनोलियमच्या धंद्यातला, दुसरा घोड्यांवर पैजा घेणारा, धंद्यात बुडालेला. दोघंही मेलेत, पण रात्री तिच्या स्वप्नात तिच्या दोन बाजूंना हजर असतात आणि ती दोघांकडून रोजची कामं पाठ म्हणून घेते. मी माझे पायजमे ‘पायजमे’ लिहिलेल्या खणात ठेवीन. मी थंड पाण्याने आंघोळ करीन, ती माझ्या प्रकृतीला चांगली असते. एक झाला की दुसरा, दुसरा झाला की पहिला, आणि मध्ये तिची सुईसारखी सूचना. शेवटी ती सांगते, सूर्याला घरात घ्याल तेव्हा आधी त्याला पाय पुसायला सांगा.

हा प्रसंग टाइमिंगचा आहे, दुसऱ्या कशाचाच नाही. दोघा नवऱ्यांची वाक्यं एकमेकांच्या शेपटावर पडली पाहिजेत, पण चढता कामा नयेत. एक जरी नवरा बिचारेपणा दाखवायला गेला तरी हसू मेलं. ते बिचारे आहेत हे त्यांना माहीत नसतं, यात गंमत आहे. न्यूयॉर्कच्या टेपमध्ये हे अचूक बसलंय, आणि तिथे ते पारखायला समोर प्रेक्षक होते.

ती टेप म्हणजे स्टुडिओतलं काम नव्हेच. न्यूयॉर्कच्या ९२व्या रस्त्यावरच्या पोएट्री सेंटरमध्ये थॉमस आणि पाच अमेरिकन नट स्टुलांवर बसले आणि समोर कागद धरून नाटक वाचलं. थॉमस धरून चार पुरुष, आणि दोन बायका: सेडा टॉम्पसन आणि नॅन्सी विकवायर. गावातल्या सगळ्या बायका या दोघींच्या गळ्यातून येतात. नेपथ्य नाही, ध्वनिपरिणाम नाहीत. शेवटची पानं थॉमस प्रयोग सुरू होईपर्यंत लिहीत होता. आणि रेकॉर्डिंग कशावर, तर स्टेजवर खाली ठेवलेल्या एका मायक्रोफोनवर. पुढे केडमन कंपनीने त्याची तबकडी काढली म्हणून ती आज आपल्यापर्यंत आली.

आमच्या स्टुडिओत एक जुने रेकॉर्डिस्ट काका आहेत. इंग्रजीशी त्यांचं फारसं जमत नाही, पण टेप स्पूलवर कापून चिकटवायच्या काळापासूनचा कान. त्यांना मी काही न सांगता यातला एक तुकडा ऐकवला. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, “अगं, हा एकच माईक आहे. आणि खाली आहे. मधल्या माणसाला मान वर करायला कुणी शिकवलं नाही वाटतं.” मधला माणूस म्हणजे डिलन थॉमस. मी नाव सांगितलं, ते ओळखीचं निघालं नाही. “आवाज आहे पण,” एवढं म्हणून काका चहाला गेले. मला ही समीक्षा पुष्कळ जाडजूड लेखांपेक्षा बरी वाटली.

खरंच आवाज आहे. थॉमसला लहानपणी वक्तृत्वाच्या शिकवणीला घातलं होतं, त्यामुळे बोलण्यात वेल्सचा हेल जवळपास नाही. घुमटातून आल्यासारखा, पोटातून निघणारा इंग्रजी आवाज. वेल्श भाषा त्याला येतच नव्हती. इथे तो पहिला निवेदक आणि पाद्री इलाय जेंकिन्स या दोन्ही भूमिका करतो. निवेदनात तो विनोदाला धक्का देत नाही. अत्यंत गंभीरपणे, प्रवचन दिल्यासारखं, एखादं अचाट वाक्य बोलतो आणि थांबतो. सुरुवातीला प्रेक्षागृह चिडीचूप आहे. कवितावाचनाला आलोय, हसलं तर चालेल का, अशी धास्ती त्या शांततेत चक्क ऐकू येते. मग कुठेतरी एकजण धीर करतो, दोघं-तिघं हसतात आणि पुढे सभागृह मोकळं होतं. हे सगळं टेपवर आहे. नाटक कसं ऐकायचं हे शिकवणारा यापेक्षा चांगला वर्ग मला माहीत नाही.

दोष? आहेत की. वेल्सच्या कोळीवाड्यातली माणसं अमेरिकन हेल काढून बोलतात, ते कानाला खुपतं. खुपतं म्हणजे पहिली काही मिनिटं फारच खुपतं. आवाजाचा दर्जा आजच्या मानाने पातळ. संहिताही अजून पक्की नव्हती. थॉमस त्यानंतरही त्यावर हात फिरवत होता. पण स्टुडिओत चकाचक केलेलं आणि मेलेलं ऐकण्यापेक्षा हे बरं.

यानंतर बर्टन. थॉमस ९ नोव्हेंबर १९५३ला न्यूयॉर्कमध्येच वारला, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी. बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅम या रेडिओ वाहिनीवर नाटक लागलं ते २५ जानेवारी १९५४ला. निर्माता डग्लस क्लेव्हरडन. त्याच साली या नाटकाला प्री इटालिया हा नभोनाट्यांचा मोठा पुरस्कार मिळाला. तारखा पाहिल्या की कळतं की ते सगळे नट नुकत्याच गेलेल्या माणसाचं लिखाण वाचत होते. आणि ते ऐकू येतं. बर्टन तेव्हा २८ वर्षांचा. खाणकामगाराचा मुलगा, मूळ आडनाव जेंकिन्स. ज्या मास्तरांनी त्याला घडवलं आणि ज्यांचं आडनाव त्याने घेतलं, ते फिलिप बर्टन या प्रयोगात पाद्री जेंकिन्सचं काम करतात. कॅप्टन कॅट आहे ह्यू ग्रिफिथ. मुलांची गाणी-खेळ आहेत ते थॉमस राहायचा त्या लार्न गावच्या शाळेतल्या खऱ्या मुलांच्या आवाजात. गाण्यांना संगीत थॉमसच्या लहानपणापासूनच्या मित्राचं, डॅनियल जोन्सचं.

बर्टनची पहिली ओळ आली की अंगावर काटा येतो हे मीही मान्य करते. आवाज खाली ठेवून, घाई न करता, व्यंजनं एकेक करून ठेवत जातो. आमच्यातल्या नव्या मुलांना मी हे ऐकायला लावते, ते श्वासासाठी. पल्लेदार वाक्य आहे, विशेषणांवर विशेषणं चढवलेली आहेत, आणि हा पठ्ठ्या श्वास कुठे घेतो ते कळू देत नाही. पण, आणि हा पण मोठा आहे, त्याच्या तोंडून गाव जरा जास्तच पवित्र होतं. न्यूयॉर्कला जिथे हशा आहे तिथे बर्टन एक सुरेख पॉज घेतो. आपण मान डोलावतो. हसत नाही.

जिथे नाटक खरंच खाली, काळोखात उतरतं, तिथे मात्र बीबीसीला तोड नाही. रोझी प्रोबर्ट आणि कॅप्टन कॅटचा संवाद घ्या. रोझी ही त्याची जुनी प्रेयसी, कधीच मेलेली. तो विचारतो, ती उत्तर देते, हळूहळू तिला स्वतःचंच विसरायला होतं आणि शेवटी ती सांगते की मी कधीकाळी जन्मले होते हेसुद्धा आता मला आठवत नाही. मग रस्त्यावरचं एक पोर आईला सांगतं, बघ, कॅप्टन कॅट रडतोय. या ठिकाणी न्यूयॉर्कची टेप कमी पडते. ह्यू ग्रिफिथच्या घशात जी खरखर आहे ती वयाची नाही, समुद्राची वाटते.

१९६३ साली क्लेव्हरडननेच नाटक पुन्हा केलं, पुन्हा बर्टनला घेऊन. १९५४ला सभ्यतेपोटी कापलेले तुकडे यात परत आले. संहितेच्या दृष्टीने पूर्ण, पण मला १९५४चीच आवडते. मधल्या काळात बर्टन ‘बर्टन’ झाला होता आणि ते त्याला ठाऊक झालं होतं.

या सगळ्या कौतुकात एक तक्रार मला नोंदवायचीच आहे. थॉमसच्या बायका. भांडकुदळ बायको, सैल बाई आणि पुरुषाची वाट पाहणारी तरुण पोरगी, या तीन साच्यांतून बहुतेक सगळ्या काढलेल्या आहेत. दुपारच्या भागात कुरणात लोळत पापाची वाट पाहणारी मे रोझ कॉटेज येते तेव्हा मला हमखास घड्याळ बघावंसं वाटतं. पुरुषांना मात्र वेडेपणाचे किती प्रकार बहाल केलेत पाहा. लॉर्ड कट-ग्लासच्या स्वयंपाकघरात ६६ घड्याळं, प्रत्येकात वेगळी वेळ. ऑर्गन वाजवणाऱ्या ऑर्गन मॉर्गनला जुना जर्मन संगीतकार बाख याच्याशिवाय दुसरं काही सुचत नाही, इतकं की रात्री कबरस्तानात थडग्यावर आडवा झालेला चेरी ओवेन त्याला योहान सेबास्टियन बाखच वाटतो. असा सुरस, निरुपद्रवी वेडेपणा बायकांच्या वाट्याला फारसा आलेला नाही.

अपवाद दोन-तीन आहेत आणि ते जोरदार आहेत. चेरी ओवेनची बायको म्हणते, मला दोन नवरे आहेत, एक दारू प्यायलेला आणि एक न प्यायलेला, आणि माझं दोघांवरही प्रेम आहे. हे ती तक्रार म्हणून नाही, चेष्टा म्हणूनही नाही, मजेत सांगते. दुसरी पॉली गार्टर. ती वेल्फेअर हॉलची फरशी घासता घासता आपल्या जुन्या यारांचं गाणं म्हणते. टॉम, डिक, हॅरी हे सगळे धिप्पाड होते, पण जीव जडला तो छोट्या विलीवर, आणि तो आता मातीखाली आहे. पाद्री जेंकिन्स बाहेरून जाताना हे ऐकतो. गाणं कशाबद्दल आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तो म्हणतो, देवाची कृपा, आपला देश संगीतप्रेमी आहे. मी हसले, आणि लगेच मला पॉलीचं वाईट वाटलं. दोन्ही एकाच वाक्यात. थॉमस जेव्हा जमवतो तेव्हा असं जमवतो.

मास्तर प्यू आणि मिसेस प्यू यांच्याबद्दल लिहिलं नाही तर अन्याय होईल. जेवणाच्या टेबलावर मास्तर पुस्तक वाचतोय, थोर विषप्रयोग करणाऱ्यांची चरित्रं. वर तपकिरी कागदाचं कव्हर. बायको विचारते काय वाचताय, तर हा म्हणतो थोर संतांची चरित्रं. ती बर्फासारखी बोलते, तो लोण्यासारखा. मनातल्या मनात त्याने केव्हाच तिच्यासाठी एखादा नवा, कुणालाही न सापडणारा लापशीचा प्रकार शिजवलेला असतो. मनातच. या गावात कुणीच काही करत नाही. मॉग एडवर्ड्स आणि मव्हॅन्वी प्राइस यांचं प्रेम जगावेगळं, रोज रात्री पत्र लिहितात, पण राहतात एकाच गावात, एक वरच्या टोकाला, एक समुद्राकडच्या, आणि भेटत मात्र नाहीत. शेवटी कळतं की मॉगला मिठी मारायला पैसेच जास्त सोयीचे आहेत. विली निली पोस्टमनची बायको सगळी पाकिटं वाफेवर उघडते, म्हणून पोस्टमन दारातच मजकूर सांगून टाकतो आणि कुणाला राग येत नाही.

उत्तरार्ध घाईत उरकलाय हेही सांगायला हवं. रात्र आणि सकाळ ऐसपैस, दुपार जरा रेंगाळलेली आणि संध्याकाळ चटचट आटोपलेली. पूर्वार्ध १९५२ सालीच ‘बोत्तेगे ओस्कुरे’ या रोममधून निघणाऱ्या नियतकालिकात छापून आला होता, पुढचा भाग थॉमसकडून निघता निघत नव्हता. त्यात हा माणूस मूळ हस्तलिखित लंडनमध्ये हरवून बसला. अमेरिकेला निघताना क्लेव्हरडनने त्याला नकला नेऊन दिल्या तेव्हा तो म्हणाला, सापडलं तर तुला ठेव. आणि कुठल्या कुठल्या गुत्त्यांत गेलो होतो त्यांची नावं सांगितली. क्लेव्हरडनला ते सोहोतल्या एका गुत्त्यात सापडलं. पुढे त्याने ते विकलं, मग थॉमसच्या वारसांनी प्रकरण कोर्टात नेलं, १९६६ला निकाल लागला: ती भेटच होती. नाटकात शोभेल असा प्रसंग.

लारेगब म्हणजे नक्की कुठलं गाव यावरून लार्न आणि न्यू की यांच्यात अजून रस्सीखेच आहे. थॉमस १९४४-४५ला न्यू कीला राहिला आणि १९४९पासून लार्नच्या बोटहाउसमध्ये. दोन्ही गावं पर्यटकांना आपलंच म्हणून दाखवतात. ऐकणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

बाकीच्या आवृत्त्या. १९८८ची जॉर्ज मार्टिनची, हो, बीटल्सवाल्याच मार्टिनची. पहिला निवेदक अँथनी हॉपकिन्स. संगीतात एल्टन जॉनचाही हात, गायला टॉम जोन्स, बॉनी टायलर. आवाज स्वच्छ आणि हॉपकिन्स बर्टनपेक्षा हलका, खोडकर, म्हणजे माझ्या मताच्या जवळचा. पण बोलायच्या जागा गायला लागले की नाटकाचा ताल सुटतो. पॉलीचं गाणं फरशी घासणाऱ्या बाईचं वाटायला हवं, इथे ते गाणाऱ्या बाईचं वाटतं. २००३ साली बीबीसीने बर्टनचा जुना आवाज घेऊन त्याभोवती नवे नट बसवले. तांत्रिकदृष्ट्या सफाईदार शिवण आहे, पण मला शिवण दिसते. एका खोलीतली माणसं आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या खोलीतला माणूस. बर्टनला कुणी उत्तर देत नाही, म्हणून खपून जातं इतकंच.

१९७२चा चित्रपट मात्र राहू द्या. बर्टन, एलिझाबेथ टेलर, पीटर ओ’टूल, नावं एकापेक्षा एक. फिशगार्डला चित्रीकरण, गाव देखणं. पण निवेदक म्हणतो काळोख आणि पडद्यावर काळोख दिसतो, म्हणतो बोटी आणि बोटी दिसतात. मग शब्दांनी करायचं काय?

इंग्रजी जड जाईल का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. जाईल. थॉमस दोन शब्द जोडून तिसरा करतो आणि थांबून समजावत बसत नाही. पण पुस्तक समोर उघडून ऐकू नका. डोळे कागदावर पळतात आणि कान मागे राहतो. पहिल्यांदा नावं एकमेकांत मिसळतील, मिसळू द्या. ओवेन कोण, एडवर्ड्स कोण, बेनन कोण हे हळूहळू पावलांवरून कळायला लागतं. हेडफोन लावा, दीड तास मोकळा ठेवा आणि मध्ये थांबवू नका. पुस्तक नंतर घ्यायचं, ते ऐकताना सुटलेल्या ओळी शोधायला, आणि मिसेस ऑगमोर-प्रिचर्डच्या दोन्ही नवऱ्यांची कामांची यादी घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला.